गाडी वळली की उतरायचं

हा किस्सा मी कधी कुणाला सांगणार नव्हते. पण इथे कुवेतमध्ये, आमच्या सालमियाच्या घरी शुक्रवारी चार माणसं चहाला जमली की आमचे हे पहिला घोट घेतात, माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "तू सांगतेस की मी सांगू?" यांनी सांगितलं की त्यात नसलेली दोन स्टेशनं वाढतात आणि माझ्या तोंडी न बोललेली चार वाक्यं येतात. त्यापेक्षा आपली फजिती आपल्याच तोंडून गेलेली बरी. घ्या, चहा घ्या. ऐका.

तर आधी एक समजून घ्या. मी एसटी कंडक्टरची मुलगी. दापोलीहून खाली खाडीकडे उतरणारी जी गाडी आहे ना, त्या गाडीवर माझ्या अण्णांनी अर्धं आयुष्य डबल बेल दिली. त्यामुळे गाडी या विषयातलं मला सगळं कळतं, असा माझा लहानपणापासूनचा समज. आमचं गाव शेवटचं. तिथे गाडी यायची, देवळापुढच्या मोकळ्या जागेत वळायची. अण्णा खाली उतरून पत्र्यावर थापा मारत ओरडायचे, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!" आम्ही पोरं त्या वळण्याची मजा घ्यायला मुद्दाम आतच बसून राहायचो. मग अण्णा दारात उभे राहून दटावायचे, "चला, उतरा! गाडी वळली की उतरायचं. वळलेली गाडी पुढे जात नाही, आली तिथे परत जाते."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं, तिथेच सगळा घात झाला.

आगगाडीचा मात्र मला काही अनुभव नव्हता. माझं लग्न झालं तेव्हा आमच्या बाजूला कोकण रेल्वेचे बोगदे खणणं चालू होतं. म्हणजे गंमत बघा, मी विमानात आधी बसले आणि आगगाडीत नंतर! आणि विमानाने आले ती कुवेतला, जिथे रेल्वेचा एक रूळ नाही.

लग्नासाठी हे महिन्याच्या सुट्टीवर आले होते. ती सुट्टी देवदेव, सत्यनारायण आणि यांच्या मावश्यांकडची जेवणं यांतच संपली. आम्ही दोघंच असे कुठे गेलो नाही. मग माझा अकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, होईपर्यंत हे इकडे, मी तिकडे. अखेर इथे आले तेव्हा नवऱ्याशी ओळख जेमतेम पत्रांतली. मी मुळात कमी बोलणारी, त्यात नवी नवी. "मीठ हवंय का?" आणि "दार लावू का?" एवढ्यावर आमचा संसार चालला होता.

आता सेल्वमची ओळख करून देते. लग्नाआधी हे अब्बासियाला एका खोलीत सात-आठ जणांबरोबर राहायचे. त्यात शेजारच्या कॉटवर हा सेल्वम. श्रीलंकेचा, चहाच्या मळ्यातला. कुवेतला एसी दुरुस्त करतो. त्याच्या उशाशी कॅलेंडरचं एक फाटकं पान चिकटवलेलं होतं. हिरवेगार डोंगर, त्यावर विंचरल्यासारख्या चहाच्या रांगा, आणि मधून वळसा घेत चाललेली तपकिरी आगगाडी. हे अहमदीहून रात्रपाळी करून यायचे आणि त्या चित्राकडे बघत झोपायचे. बाहेर वाळू, आत ते हिरवं. यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं की लग्न झालं की बायकोला घेऊन त्या गाडीत बसायचं.

सांगितलं कुणाला? सेल्वमला. बायकोला सांगायला बायको कुठे होती!

त्या वर्षी ईदच्या सुट्टीत कोलंबोची स्वस्त तिकिटं निघाली आणि आमचं जायचं ठरलं. आता कुवेतमधला एक रिवाज तुम्हाला ठाऊकच आहे. कुणी गावाला निघालं की त्याचं सामान हे त्याचं नसतं. सेल्वम एक खोका घेऊन आला. नायलॉनच्या दोरीने असा करकचून बांधलेला, की त्याच्यापुढे आमचं मंगलाष्टकांचं बंधनसुद्धा सैल वाटावं. वर काळ्या मार्करने चारी बाजूंनी नाव. आत दुधाच्या भुकटीचे डबे, ब्लँकेट, एक छोटा टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट.

त्या कॅसेटमध्ये सेल्वमचा आवाज होता. त्याच्या अम्माला वाचता येत नाही आणि कंत्राटामुळे तो चार वर्षं घरी गेला नव्हता. अब्बासियाच्या खोलीत रेकॉर्डिंग करायचं तर मागून सात जण घोरणार. म्हणून बिचारा आमच्याकडे आला, स्वयंपाकघरात बसला आणि भिंतीकडे तोंड करून तमिळमध्ये बोलत राहिला. मी आपली न कळून डाळ शिजायला लावलेली. त्याने पुन्हा एकदा "अम्मा" म्हटलं आणि नेमकी कुकरची शिट्टी झाली! मी जीभ चावली. तो डोळे पुसत म्हणाला, "कोई बात नहीं भाभी."

मग त्याने समजावलं. "हटन के आगे छोटा स्टेशन है. गाडी एक मिनट रुकता. अम्मा उधर खडा रहेगा. खिडकी से बॉक्स देना और अम्मा को देखना. अम्मा तुमको देखेगा. तुम मेरे को देखा है ना, इसलिए." आणि निघताना दारातून वळून म्हणाला, "भाभी, कुछ करने का नहीं. बैठने का. बस, उतरने का नहीं."

देवाशप्पथ सांगते, हे शब्द माणूस स्वच्छ बोलला होता.

आम्ही पहाटे कोलंबोला उतरलो ते थेट स्टेशनवर. हे आदल्या दिवशीची पाळी करून विमानात बसलेले, त्यामुळे डोळे लाल. तरी मला खिडकीजवळ बसवलं, खोका वरच्या फळीवर ठेवला, मला म्हणाले, "डोंगर सुरू झाले की उठव हं," आणि तिथल्या तिथे घोरायला लागले.

मी मात्र टक्क जागी. आयुष्यातली पहिली आगगाडी! नारळ गेले, भातशेतं गेली. मला तर आमच्याच गावात फिरतेय असं वाटायला लागलं. तेच कौलारू छप्पर, तीच दारातली केळ, तोच कुंपणावर वाळत घातलेला लाल परकर. कुवेतच्या सहा महिन्यांत माझे डोळे कोरडे पडले होते, ते ओले व्हायला लागले. मग चढण लागली. पेरादेनिया नावाचं स्टेशन आलं. नाव गोड वाटलं म्हणून मी पाटी दोनदा वाचली. मग एक मोठी नदी लागली, तिच्यावरचा पूल लागला. पलीकडे एका घराच्या गच्चीवर पिवळी चादर वाळत होती आणि त्या चादरीवर एक कावळा बसला होता. सगळं अगदी नीट पाहून ठेवलं.

मग कँडी आलं. मोठं स्टेशन. निम्मी गाडी खाली झाली. आणि मी खिडकीतून बघते तर काय, इंजिन गाडीपासून सुटलं! सुटलं ते सुटलं, आमच्या खिडकीशेजारून डुलत डुलत मागच्या टोकाला गेलं. एक माणूस हातातली झेंडी हलवत त्याला मागे घेत होता. मला तर ऐकूच आलं, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!"

धाडकन हिसका बसला. आणि गाडी निघाली. उलटी!

 गाडी वळली की हो! मी यांच्याकडे पाहिलं. तोंड उघडं, मान खिडकीच्या बाजूला. उठवू का? पण "डोंगर सुरू झाले की उठव" म्हणाले होते. डोंगर तर चालले होते मागे!

म्हटलं, शुभदा, घाई करू नकोस. आधी खात्री कर. तर पाचच मिनिटांत ती पिवळी चादर आली. कावळासुद्धा तोच! मग तो पूल. मग ती नदी. आता सांगा, याहून मोठा पुरावा तो कोणता? समोर एक पोक्त गृहस्थ पेपर वाचत होते. मी सगळं बळ एकवटून त्यांना इंग्रजीत विचारलं, "ही कोलंबोची गाडी का?" ते हसून म्हणाले, "येस येस, कोलंबो ट्रेन." बिचाऱ्यांचं काही चुकलं नाही. गाडी कोलंबोहूनच आली होती. पण मी घाबरले होते आणि मला ती कोलंबोलाच निघालेली दिसत होती.

आणि गाडी थांबली. मी बाहेर पाहिलं. पाटीवर नाव, पेरादेनिया.

माझ्या डोळ्यांपुढे ती अम्मा आली. लहानशा स्टेशनावर उभी. आणि आम्ही चाललोय कोलंबोला, बसलोय वळलेल्या गाडीत! अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. मी यांचा दंड धरला आणि अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "उठा! उतरा आधी!"

हे दचकून उठले. "काय झालं? काय झालं काय?"

"गाडी वळली! परत चालली!"

"कुठे परत?"

"बोलत काय बसलात? उतरा म्हणते ना!"

लग्न झाल्यापासून मी नवऱ्याला दिलेली ही पहिली आज्ञा. आणि तुम्हाला सांगते, माणसाने ती एका क्षणात पाळली! मला वाटतं, मीठ आणि दार सोडून बायको काहीतरी बोलली याच धक्क्याने ते उतरले असावेत. बॅग यांच्या हातात, पिशवी माझ्या हातात, दशम्यांचा डबा काखेत. आम्ही फलाटावर पाय ठेवला आणि गाडी सुटली.

मी मोठा श्वास सोडला. वाचलो!

गाडी निघाली ती तोऱ्यात निघाली. आणि बघता बघता, आलेल्या रुळांना सोडून, भलत्याच बाजूच्या रुळांवरून डोंगरात शिरली.

"अगं," हे हळूच म्हणाले, "ही कोलंबोला नाही चालली."

तोवर पांढऱ्याशुभ्र कपड्यातले स्टेशनमास्तर जवळ आले. यांनी तिकिटं दाखवली. त्यांनी तिकिटं पाहिली, आमच्याकडे पाहिलं, गेलेल्या गाडीकडे पाहिलं. म्हणाले, "पण हीच तुमची गाडी होती. का उतरलात?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दशम्यांच्या डब्याकडे.

मग मास्तरांनी फार मायेने समजावलं. कँडी आहे आडबाजूला. डोंगरातली गाडी आधी तिकडे जाते, इंजिन दुसऱ्या टोकाला लावते, याच रस्त्याने इथवर परत येते आणि मग दुसऱ्या फाट्याने वर चढते. रोज हेच. इथल्या शाळेतल्या पोरालाही ठाऊक. सेल्वमने आम्हाला सांगितलं कसं नाही? अहो, कसं सांगेल? आपण पाहुण्याला घरी बोलावताना, जिना चढायचा असतो, हे सांगतो का?

"पुढची गाडी दुपारी आहे," मास्तर म्हणाले. "ती वळत नाही," हेही त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं.

हे आजूबाजूला बघत होते. मग एकदम म्हणाले, "शुभा... खोका कुठाय?"

खोका!

दशम्या उतरल्या होत्या. लाडू उतरले होते. माझी छत्री उतरली होती. सेल्वमच्या चार वर्षांचा आवाज मात्र वरच्या फळीवर बसून एकटाच डोंगरात गेला होता.

आता सांगते, मी तिथे फलाटावरच्या बाकावर बसले आणि रडले. आपल्या बावळटपणाचं नव्हतं हो ते रडणं. ती म्हातारी गाडीच्या प्रत्येक खिडकीत बघणार, आणि एकाही खिडकीत तिच्या मुलाला पाहिलेलं माणूस असणार नाही, हे काही मला सोसेना. मास्तरांना वाटलं, मी नवऱ्याला घाबरले. ते यांनाच समजावायला लागले, "होतं असं, मिस्टर. रागावू नका." हे म्हणाले, "मी कुठे काय बोललो?" खरंच नव्हते बोलले. तेच तर वाईट होतं!

मास्तरांनी खोक्याचं वर्णन विचारलं आणि फोनची मूठ फिरवली. पुढच्या स्टेशनाला, त्याच्या पुढच्याला, असं करत कुठे कुठे बोलले. मला त्यातला एकच शब्द कळत होता, "कुवेत". बोलता बोलता एकदम हसले, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बोलायला लागले. म्हणजे माझी बातमी माझ्याआधी सगळ्या लाइनीवर गेली म्हणायची.

दुपारपर्यंत आम्ही तिघांनी दशम्या खाल्ल्या. मास्तरांना लसणीची चटणी फार आवडली. हे मात्र रुळांकडे बघत खात होते. शेवटी मीच विचारलं, "रागावलात?"

"नाही," हे म्हणाले. "विचार करतोय. तू एवढ्या मोठ्याने बोलू शकतेस हे मला कुणी सांगितलंच नाही."

मग जे हसायला लागले ते थांबेचनात. मीही हसले. सहा महिन्यांत आम्ही पहिल्यांदा एका वेळी हसलो असू.

दुपारची गाडी आली ती माणसांनी भरलेली. आमची खिडकीची जागा केव्हाच वर गेलेली. आम्ही दोघं दारात उभे. आणि तुम्हाला खरं सांगू? त्या दारातून जे दिसलं ते खिडकीतून दिसलं नसतं. चहाच्या रांगा थेट पायाशी यायच्या. पाठीवर टोपल्या घेतलेल्या बायका मान वर करून बघायच्या. बोगद्यात शिरलं की गाडीतली सगळी पोरं ओरडायची, आणि तिसऱ्या बोगद्यात आमचे हेसुद्धा ओरडले! धुकं दारातून आत यायचं, तोंडावर बसायचं. गाडी इतकी हळू चढायची की वाटायचं, उतरून शेजारून चालावं. पण "उतरावं" हा शब्द मी त्या दिवशी तोंडातून काढणं शक्य नव्हतं.

हटन गेलं. मी दाराची दांडी घट्ट धरून वाकून बघायला लागले. आणि ते लहानसं स्टेशन आलं.

फलाटावर एक बाई बसली होती. किरकोळ बांधा, डोक्यावरून घेतलेला पदर. आणि ती बसली होती आमच्या खोक्यावर!

गार्डाने तो सकाळीच तिच्या हवाली केला होता. चारी बाजूंनी नाव होतं ना! सामान वेळेवर पोचलं होतं. माणसं पोचली नव्हती. आणि ती घरी गेली नव्हती. दोरीसुद्धा सोडली नव्हती.

यांनी दारातून हात हलवला. ती धावत आली. तिची भाषा आम्हाला येईना, आमची तिला. "सेल्वम?" तिने विचारलं आणि दोन्ही हातांनी हवेत कसलासा आकार केला. कसा आहे? वाळला का? मी गाल फुगवून दाखवले, पोटापुढे हात धरून दाखवलं. ती तोंडावर पदर धरून हसली. मग तिने यांच्या दंडाला हात लावला. मग माझ्या गालाला. नीट, सावकाश, जसं काही माझ्या गालाला अजून थोडा सेल्वम चिकटलेला असावा. शिट्टी झाली. तिने कमरेची पुरचुंडी काढून माझ्या हातात कोंबली. चहाची पत्ती.

गाडी हलली. ती लहान होत होत धुक्यात गेली. यांनी पुरचुंडी माझ्या हातातून घेतली, हुंगली आणि माझ्या नाकाशी धरली. 

इथे किस्सा संपला असता तर बरं झालं असतं. पण आम्ही राहतो कुवेतला! इथे समोरच्या दुकानात जायचं तरी टॅक्सी आधी पुढे जाते, यू-टर्न घेते आणि परत येते. दर यू-टर्नला हे माझ्याकडे झुकून विचारतात, "उतरू या का?" टॅक्सीवाला गांगरतो. मी खिडकीबाहेर बघते.

बरं, शहाणपण आलं म्हणावं तर तेही उलटंच. ती पत्ती सेल्वमला द्यायला मी एकटी बसने अब्बासियाला निघाले. वाटेत बसने वळण घेतलं. जुनी शुभदा असती तर उतरली असती. मी मात्र गालात हसले. म्हटलं, बसायचं. वळली म्हणून काय झालं? तीच दुकानं पुन्हा दिसायला लागली, तरी हसत बसले. शेवटी बस थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "खलास. उतरो." बघते तर सालमिया! अब्बासियाला दुसरी बस पकडायची होती, ती त्या वळणाच्या आधी.

पत्ती शेवटी हे घेऊन गेले. सेल्वमने ती प्यायली नाही, उशाशी ठेवली, त्या चित्राखाली.

मग काही महिन्यांनी कुणाच्या तरी सामानातून अम्माची कॅसेट आली. एका शुक्रवारी सेल्वम ती घेऊन आमच्याकडे आला. "इधर शांत है भाभी." आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो. टेपमधून तो बारीक, कापरा आवाज यायला लागला. मागे कुठेतरी कोंबडा आरवत होता. सेल्वम ऐकायचा, थांबवायचा, नाक पुसायचा आणि आम्हाला सांगायचा. शेळीला दोन पिल्लं झाली. ब्लँकेट ऊबदार आहे. एका जागी तो हसला आणि त्याने टेप बंद केली.

"काय म्हणते?" यांनी विचारलं.

"अम्मा बोलता, तेरी कॅसेट में ट्रेन का सीटी सुना. तेरे घर के पास से गाडी जाता है. बहुत अच्छा लगा. अब मेरे को फिकर नहीं."

 माझा कुकर!

"मग तू काय कळवणार?"

"बोलूँगा, हाँ अम्मा, रोज जाता है."

 मग सेल्वमने पुन्हा टेप लावली, थोडं ऐकलं, आणि या वेळी मात्र पोट धरून हसायला लागला.

"और बोलता है, वो लडकी अच्छी है. लेकिन उसको बोल, तेरे घर के पास वाला गाडी आएगा ना, तो उसमें से बीच में मत उतरना."

आमचे हे तर खुर्चीवरून पडायचेच बाकी होते. आणि नेमकी, अगदी त्याच क्षणाला, शेगडीवरच्या कुकरने शिट्टी दिली.

मी पटकन उठले. दोघांनीही गर्रकन माझ्याकडे पाहिलं.

आता तुम्हीच सांगा, मी उभी राहिले होते ती गॅस बारीक करायला. पण हे त्या दोघांना पटवणार कोण?